अनगार

'अनगार' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो सोलापूरच्या पाठशाळेत. अगार म्हणजे घर. घरात राहून धर्म पाळतो तो सागार आणि ज्यानं घर सोडलं तो अनगार. पंडितजी फळ्यावर दोन रकाने आखायचे. एका बाजूला आपण सगळे, दुसऱ्या बाजूला मुनिमहाराज. पुढे लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा कळलं, की हे दोन्ही शब्द ज्यांच्या ग्रंथांच्या नावांत आहेत ते पंडित आशाधर इथेच, माळव्यात राहिलेले. तेराव्या शतकात धारजवळच्या नालछा गावी बसून त्यांनी 'सागार धर्मामृत' आणि 'अनगार धर्मामृत' लिहिले. ते मूळचे मांडलगडचे. घोरीच्या स्वाऱ्यांनी तो मुलूख गेला तेव्हा घरदार सोडून धारेला आले. म्हणजे अनगाराचा धर्म ज्यांनी सांगितला, त्यांनाही एकदा नाइलाजानं घर सोडावं लागलं होतं. धारेनं त्यांना ठेवून घेतलं, म्हणून ते ग्रंथ झाले.

चातुर्मासात आमच्याकडे चौका लागतो तेव्हा हा शब्द मला हटकून आठवतो. पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक, पाणी गाळून उकळून ठेवलेलं, अंगणात चौक काढलेला. महाराज आहाराला निघाले की गल्लीतल्या सगळ्या बायका हातात कलश घेऊन दारात उभ्या. पडगाहन करायचं म्हणजे काय, तर त्यांना विनवायचं : थांबा, थांबा, इथेच थांबा. अत्र तिष्ठ, अत्र तिष्ठ. ज्याला घर नाही त्याला आपल्या दारात थांबवण्यासाठी इतकी धडपड! आणि ते दुसऱ्याच्या दारी थांबले की डोळ्यांत पाणी येतं.

आता छत्रीबागेतला दुसरा अनगार बघा. तो दुकानाच्या ओट्यावर झोपतो. सकाळी शटर उघडायच्या आत त्याला उठवतात. तो मंदिराच्या भिंतीशी बसतो, तिथून उठवतात. चहाच्या ठेल्याजवळ उभा राहिला तर गिऱ्हाईक बिचकतं म्हणून उठवतात. दिवसभरात त्याला एकच वाक्य ऐकू येतं, 'चल, आगे बढ़.' पुढे म्हणजे कुठे, हे कुणीच सांगत नाही. वर्षानुवर्षं हेच ऐकणाऱ्या माणसाला एक दिवस जगातूनच पुढे व्हावंसं वाटलं, तर त्यात नवल काय?

या लेखात मला त्याबद्दल लिहायचं आहे. बेघर माणसाच्या पोटाबद्दल आपण बायका खूप बोलतो, त्याच्या मनाबद्दल फार कमी. आणि मरणाच्या विचाराबद्दल तर मुळीच नाही.

छत्रीबाग हे नाव पडलं होळकरांच्या छत्र्यांवरून. गेलेल्या राजांसाठी घडीव दगडात बांधलेली घरं ती. नक्षीचे खांब, घुमट, कोनाडे. आणि त्यांच्याच शेजारच्या गल्ल्यांत रात्री बंद दुकानांपुढे गोणपाट पसरून जिवंत माणसं पडलेली असतात. तिथेच अम्मा राहायची. तिचं नाव मी लिहीत नाही. गल्लीत सगळे अम्मा म्हणायचे. निमाडकडची. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली, तो दारूला लागला आणि गेला. भाड्याची खोली होती, ती सुटली. मुलगा कामाला म्हणून गुजरातेत गेला तो तिकडचाच झाला. अशा गोष्टीत नवं काही नसतं, एकेक दोरी तुटत जाते इतकंच.

मी सकाळी मंदिरात जाताना तिला चहा द्यायची. ती दोन शब्द बोलायची, कधी गुडघ्याचं, कधी थंडीचं. एका हिवाळ्यात तीन-चार दिवसांत काही गोष्टी लागोपाठ घडल्या. महिला मंडळानं वाटलेलं नवं ब्लँकेट तिनं भंगार वेचणाऱ्या पोराला देऊन टाकलं. 'कल से चाय मत लाना' म्हणाली. आणि मग एक पिशवी माझ्या हातात ठेवली. आत नवऱ्याचा फोटो आणि चांदीची जोडवी. 'तुम रख लो, बाई. मेरे अब क्या काम की.'

आपल्या घरात कुणी असं वागलं तर आपण काय समजू? आवराआवर करतंय, असंच ना? रस्त्यावरची बाई आवराआवर करते तेव्हा ती तितकीच स्पष्ट असते, फक्त बघणारं कोणी नसतं. मी ओट्यावर तिच्याशेजारी बसले आणि सरळ विचारलं, 'अम्मा, मरने का खयाल आता है क्या?'

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'आता क्या है बाई, जाता ही नहीं.'

असं विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नको तो विचार घुसेल, अशी भीती पुष्कळ जणींना वाटते. मानसोपचारतज्ज्ञ अनेक वर्षांच्या अभ्यासावरून उलटंच सांगतात. विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही. तो आधीच तिथे असतो, आणि विचारणारं भेटलं की ओझं थोडं हलकं होतं. अम्मा त्या दिवशी अर्धा तास बोलली. ब्लँकेट देऊन टाकल्यावर थंडी वाजत होती हेही तेव्हाच म्हणाली, आणि माझी शाल तिनं घेतली.

दुसऱ्या दिवशी मी आणि शेजारच्या वहिनी तिला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसानं आधी आधार मागितलं, मग विचारलं, 'साथ में कौन है? रिश्तेदार?' आम्ही म्हटलं, शेजारी. त्याच्या फॉर्मवर 'शेजारी' हा शब्द बसत नव्हता. तिथे आमचा सवा तास गेला. शेवटी एका तरुण डॉक्टरीण बाईंनी आत बोलावलं. त्यांनी अम्माला विचारलं, झोप लागते का? अम्मा हसली. 'रात को कौन सोता है, डॉक्टरनी बाई? औरत जात हूँ.'

त्या एका उत्तरानं मला जे कळलं ते कुठल्या व्याख्यानात कळलं नसतं. रस्त्यावरची बाई रात्री जागते आणि दिवसा, वर्दळ असताना, डुलक्या घेते. महिनोन् महिने नीट झोप नाही, मग घरात राहणाऱ्या धडधाकट माणसाचं तरी मन ताळ्यावर राहील का? आणि डॉक्टर औषध देणार तेही बहुधा गुंगी आणणारं. घरात ती गोळी म्हणजे आराम. ओट्यावर तीच गोळी म्हणजे धोका, कारण गाढ झोपलेल्या बाईची पिशवीही जाते आणि अब्रूही. गोळ्या ठेवायच्या कुठे? पावसात भिजतात, चोरीला जातात. पुढच्या तारखेची चिठ्ठी सांभाळायची कशी? डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, आधी रात्रीच्या निवाऱ्याचं बघा, मग माझं औषध लागू पडेल.

निवाऱ्यात जायला अम्मा तयार नव्हती. तिथे बोचकं नेता येईल का, जागा गेली तर परत ओटा मिळेल का, आत कोण कोण असतं, शंभर शंका. तिसऱ्या खेपेला गेली. पुढचं सगळं छान झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मधे दोनदा ती निघून आली, एकदा आठ दिवस कुठे होती कळलं नाही. पण औषध चालू आहे, एका गृहउद्योगात ती बसून डाळ निवडते, आणि जोडवी तिनं माझ्याकडून परत मागून घेतली. मला तेवढं पुष्कळ वाटलं.

अम्मा एकटी नाही. 2011च्या जनगणनेत देशात 17 लाखांहून जास्त माणसं बेघर मोजली गेली, एकट्या मध्य प्रदेशात जवळजवळ दीड लाख. ज्याला पत्ताच नाही त्याला मोजणं किती अवघड, हे आपल्याला कळतंच. आणि त्यांच्यातले किती जण स्वतःहून जीवन संपवतात? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या. त्यांत 26 टक्क्यांहून जास्त रोजंदारीवरचे होते. तक्त्यात शेतकरी आहेत, गृहिणी आहेत, विद्यार्थी आहेत, बेरोजगार आहेत. 'बेघर' असा रकाना नाही. ओट्यावरचा माणूस गेला की बहुतेक वेळा 'अज्ञात', 'लावारिस' एवढीच नोंद होते. थंडीनं गेला, दारूनं गेला की जगण्याला कंटाळून गेला, हे कुणी खोदून विचारत नाही, कारण विचारायला नातलगच नसतो.

जिथे मोजतात तिथलं चित्र काय आहे? इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी सांख्यिकी कार्यालय बेघरांच्या मृत्यूंचा अंदाज काढत असे. 2021 साली असे 741 मृत्यू त्यांनी धरले, त्यांतल्या 99 आत्महत्या. म्हणजे दर साडेसातांमागे एक. मृत्यूचं सरासरी वय पुरुषांचं 45 आणि बायकांचं 43. डेन्मार्कमध्ये निवाऱ्यांत राहून गेलेल्या 32 हजारांवर माणसांचा दहा वर्षांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या दहापैकी सहा जणांना मनाच्या आजाराचं निदान झालेलं होतं. बेघर तरुणाचं आयुष्य इतरांपेक्षा सुमारे बावीस वर्षांनी आणि तरुणीचं सतरा वर्षांनी कमी भरलं. डेन्मार्कसारख्या श्रीमंत देशातली ही गोष्ट. डोक्यावर छप्पर, पोटात अन्न, तरी ही अवस्था. तेव्हा छप्पर हवंच, पण तेवढ्यानं भागत नाही.

मन आजारी होतं म्हणून माणूस रस्त्यावर येतो, की रस्त्यावर येतो म्हणून मन आजारी होतं? दोन्ही खरं. आणि दोन्हींच्या आधी बरेचदा तिसरंच काही घडलेलं असतं. इंदूरकरांना ते सांगायला नको. सर सेठ हुकुमचंदांच्या नावाची गिरणी 12 डिसेंबर 1991 रोजी बंद पडली. 5,895 कामगार घरी बसले. त्यांत आपले मराठी लोक किती तरी. थकलेल्या पैशांसाठी ते बत्तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. 25 डिसेंबर 2023ला 224 कोटी रुपये मिळाले तेव्हा दोन हजारांहून जास्त कामगार पैसे न बघताच गेले होते. त्यांतल्या काहींनी स्वतःहून जीव दिला, असं कामगार संघटना सांगत आल्या आहेत. माणसाचा पगार थांबतो, मग खोलीचं भाडं, मग मुलांची फी, मग घरातला मान. शेवटी घर सुटतं तेव्हा दारात सामान फार थोडं असतं, पण मनातून पुष्कळ काही आधीच गेलेलं असतं.

आपलं शहर 2017 पासून वर्षानुवर्षं देशात सर्वांत स्वच्छ म्हणून पहिलं येत आलं. मलाही त्याचा अभिमान आहे. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायची सवय मी नातवंडांना लावली आहे. पण 29 जानेवारी 2021चा दिवस मी विसरू शकत नाही. कडाक्याच्या थंडीत महापालिकेच्या गाडीतून म्हाताऱ्या बेघर माणसांना नेऊन शहराबाहेर, क्षिप्रेजवळ देवासच्या रस्त्यावर उतरवत होते. काहींना धड उभंही राहता येत नव्हतं. गावकरी आडवे आले, कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, म्हणून त्यांना परत गाडीत बसवून आणलं. उपायुक्त निलंबित झाले, रोजंदारीवरचे दोन कर्मचारी काढले गेले, कलेक्टरांनी खजराण्याच्या गणपतीपुढे माफी मागितली. शिक्षा झाली, माफी झाली. मी मात्र त्या गाडीतल्या म्हाताऱ्यांचा विचार करत राहिले. 'मी आता कुणाला नकोय, मी सगळ्यांवर ओझं आहे' हा मरणाच्या विचाराच्या मुळाशी असलेला सगळ्यात जुना विचार. त्या दिवशी त्यांना तो चक्क गाडीत घालून शिकवला गेला. आणि ज्यांनी त्यांना खऱ्या अर्थानं 'थांबा' म्हटलं, ते क्षिप्रेचे खेडूत होते.

1 जानेवारी 2025 पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवता येऊ लागला. भीक मागणाऱ्यांमागे टोळ्या असतात, मुलांना जुंपतात, हे खोटं नाही, आणि काही जणांना त्या मोहिमेत निवारा आणि कामही मिळालं. मंडळात यावरून खूप वाद झाला. मंदिरातून बाहेर पडताना हातावर दोन रुपये ठेवायची सवय, ती मोडायची कशी? मला विचाराल तर नाणं देण्यावर बंदी आली, बोलण्यावर आलेली नाही. नाणं टाकताना आपण बहुधा चेहऱ्याकडे बघतच नव्हतो. आता हात मोकळे झालेत, तर बघू या.

मरणाबद्दल बोलायला आपला समाज बुजत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयानं संथाऱ्याला आत्महत्येच्या पंगतीत बसवलं तेव्हा गावोगाव आपण मूक मोर्चे काढले. मीही चालले होते. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. त्या दिवसांत आपण घराघरांत समजावून सांगत होतो, की सल्लेखना वेगळी आणि आत्महत्या वेगळी. सल्लेखनेत निराशा नसते, घाई नसते, कुणापासून लपवणं नसतं, गुरूची अनुज्ञा असते. 'भगवती आराधना' या प्राचीन ग्रंथात तर सल्लेखना घेणाऱ्या एका साधूच्या सेवेला 48 निर्यापक सांगितले आहेत. कुणी कूस बदलायला मदत करायची, कुणी दारावर बसायचं, कुणी धर्म ऐकवायचा, कुणी रात्री जागायचं.

आत्महत्या याच्या अगदी उलट. तिच्यात निराशा आहे, लपवणं आहे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे एकटेपण आहे. हा फरक कोर्टाला समजावून सांगण्याइतका आपल्याला कळतो, तर मग ओट्यावरच्या माणसाला नेमकं काय कमी पडतंय हेही आपल्याला कळायला हवं. त्याच्याभोवती 48 सोडा, एकही नाही.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत एक अंग आहे स्थितिकरण. वाट सोडून घसरणाऱ्याला पुन्हा स्थिर करणं. आपल्याला वारिषेणाची गोष्ट पाठ आहे, मन डळमळलेल्या पुष्पडाल मुनींना त्यानं कसं सावरलं ती. पडगाहनातला 'तिष्ठ' आणि हे 'स्थितिकरण', दोन्ही 'स्था' याच धातूतून आले आहेत, थांबणं, उभं राहणं. शास्त्रकारांनी धर्मापासून ढळणाऱ्याबद्दल सांगितलं, हे खरं. पण जगण्यापासूनच जो ढळतोय त्याला आधी सावरलं नाही, तर धर्म सांगणार कुणाला?

एक गोष्ट मात्र करू नये. 'पूर्वकर्माचा उदय आहे बाई, भोगून संपवायचा' हे वाक्य अशा माणसाला ऐकवू नये. कर्मसिद्धांत मी मानते. पण तो स्वतःचा हिशेब बघायला आहे, दुसऱ्याला निकाल सुनवायला नाही. ज्याला आधीच वाटतंय की आपण जगायच्या लायकीचे नाही, त्याला आपण शास्त्राचा शिक्काच मारून देतो. तसंच 'असं बोलू नये, पाप लागतं' हेही नको. त्यानं तो गप्प होतो, विचार थांबत नाही.

ज्यांनी थांबवलं त्यांची उदाहरणं फार लांबची नाहीत. मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या जोडप्यानं रस्त्यावर नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पिणारा एक तरुण पाहिला. त्याला दवाखान्यात आणून उपचार केले, तर तो निघाला पदवीधर, प्रयोगशाळेच्या कामाची पदविका घेतलेला. त्यातूनच 1988 साली श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू झालं, पुढे कर्जतला केंद्र उभं राहिलं, आणि हजारो मनोरुग्ण बरे होऊन देशभरात आपापल्या घरी पोचले. 2018 साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि आज ज्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव आहे त्या अहिल्यानगरात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे 'माउली' नावाचं घर चालवतात, रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण बायकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी. तिथे त्या बायका 'केस' नसतात, घरातल्या असतात.

आपल्या समाजात हे नवीन आहे असंही नाही. शंभर वर्षांपूर्वी बालविधवा म्हणजे घरात असून बेघर. किती जणींनी विहीर जवळ केली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. तेव्हा मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम काढला. सोलापूरचा श्राविकाश्रम पंडिता सुमतीबाई शहांनी वाढवला, आणि इंदूरला कंचनबाईंच्या नावानं श्राविकाश्रम उभा राहिला. मी लहानपणी सोलापूरच्या आश्रमातल्या बायका पाहिल्या आहेत. पांढरं लुगडं, हातात पुस्तक, ताठ मान. त्यांना राहायला खोली दिली, शिकवलं, काम दिलं आणि नावापुढे 'बाई' लावून हाक मारली. मनाच्या आजारावर याहून मोठं औषध त्या काळात कुणाकडे नव्हतं. आजही गोळीच्या जोडीला हेच लागतं.

कायदाही आता आपल्या बाजूनं आहे, पण तो आपल्याला ठाऊक हवा. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस गुन्हेगार नाही. तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. निराधार किंवा बेघर मनोरुग्णाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत मिळायला हवेत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. मनोरुग्ण स्थितीत भटकणारा माणूस दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि तो बेघर असेल तर त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. पुढच्या वेळी खिडकीवर कुणी 'रिश्तेदार कौन' म्हणून अडवलं, तर शांतपणे हे सांगता येतं. आम्ही आता कायद्याची छापील प्रतच पिशवीत ठेवतो.

एकटीनं सगळं अंगावर घेऊ नका. दोघी मिळून जा, दिवसा जा. नाव विचारा आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावानं हाक मारा. वस्तू वाटून टाकणं, अचानक खाणं सोडणं, 'अब क्या करना है' असं बोलणं दिसलं तर सरळ विचारा आणि मग गप्प बसून ऐका. धोका आत्ताच आहे असं वाटलं तर त्याला एकटं सोडू नका, 112ला फोन करा. सल्ला हवा असेल तर सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, नंबर 14416, चोवीस तास, मोफत, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा नंबर फक्त रस्त्यावरच्यांसाठी नाही. आपल्या घरातली सून, लेक, सासू आणि आपण स्वतः, कुणीही लावावा.

या चातुर्मासात आमच्या मंडळानं चौक्याच्या पाळ्यांचा कागद केला, तेव्हा त्यात एक रकाना वाढवला आहे. दर बुधवारी दोघींनी निवाऱ्यात जायचं. जेवण न्यायचं नाही, ते तिथे मिळतं. नुसतं बसायचं, बायकांच्या वेण्या घालायच्या, गोळ्या घेतल्या का विचारायचं, कोण दिसत नाहीये ते बघायचं. पहिल्या महिन्याच्या पाळ्या भरल्या आहेत. भाद्रपदानंतरच्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत. छत्रीबागेजवळ राहणाऱ्या ज्या बहिणीला जमेल, तिनं आपलं नाव लिहावं.